मोगऱ्याचा पल्ला

आमच्या घरात मुलीचं सासर किती लांब आहे, हे किलोमीटरमध्ये कुणी सांगत नसे. फुलांत सांगत. आमचा मळा नाशिकजवळ, मखमलाबाद रस्त्याला. मोगरा, जुई, गुलाब, निशिगंध, कडेनं झेंडू. मुलगी सासरी निघाली की मळ्यातल्या फुलांची वेणी तिच्याबरोबर द्यायची आणि तिनं ती सासरच्या देवापुढे ठेवायची, ही रीत. वेणी ताजी पोचली तर पोर सुखात राहते, असं बायका म्हणायच्या. म्हणून स्थळ आलं की मुलगा काय करतो हे विचारायच्या आधी आत्या विचारायची, "वेणी कोणची चालंल?" निफाड म्हणजे लवकर कोमेजणाऱ्या जुईचा रस्ता. येवला, चांदवड मोगऱ्याचा. पुण्याला निशिगंध. आत्याला स्वतःला बांधाला बांध लागून असलेल्या मळ्यात दिलेली, त्यामुळे तिची वेणी हातातल्या हातातच पोचली होती आणि ती कायम आमच्याच ओट्यावर असायची.

माझं सासर पंचवटीत. माझ्या वेळी हा प्रश्न कुणी विचारलासुद्धा नाही. "पंचवटी काय, रिक्षात बसली की आली," आत्या म्हणाली. त्या दिवशी लग्नसराईमुळे फुलबाजार चढा होता, सगळा मोगरा पहाटेच गोदाघाटावर गेला होता. आईनं पाटीत उरलेला झेंडू आणि चार गुलाब घेतले आणि माझी वेणी केली. वेणी म्हणायची म्हणून म्हणायची, गाडीला घालतात तसा हार दिसत होता. मी तो सासरी देवापुढे ठेवला. ताजा होता. पंचवटीपर्यंत काय होणार होतं त्याला?

हे मी सांगते आहे ते रडगाणं म्हणून नाही. मी आमच्या भाऊकीतली पहिली ग्रॅज्युएट. बी.ए., भूगोल घेऊन. पदवीदानाचा काळा झगा भाड्यानं घेऊन काढलेला माझा फोटो माहेरच्या भिंतीवर होता, आणि फुलबाजारात आबा, म्हणजे माझे वडील, कुणालाही थांबवून सांगायचे, "आमची थोरली बी.ए. हाय." सातवी शिकलेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना माझी मान ताठ व्हायची. लग्नाआधीच मला पंचवटीतल्या एका शाळेत नोकरी लागली होती. माझं जे काही होतं ते मी मिळवलेलं होतं, आणि त्याचा मला गर्व होता. आजही आहे.

धाकटी बहीण माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. बारावीला इंग्रजीत दोनदा नापास. दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हा आबांनी तिला काही बोलायचं सोडून रसवंतीवर नेलं आणि उसाचा रस पाजला. मला एकदा इतिहासात कमी मार्क पडले होते तर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. आई म्हणायची, तुझ्याकडून आशा होती म्हणून. असेल. पण रस धाकटीनं प्यायला.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिला एका लग्नात कुणीतरी पाहिलं. मुलगा आपल्यातलाच, सिन्नरकडचा, इंजिनिअर, अमेरिकेत शिकागोला नोकरीला. सुट्टीवर आलेला, घाईत होता. महिन्याभरात लग्न. मला वाटलं होतं, इंग्रजीत नापास मुलगी तो कशाला करेल? केली. मी माझ्या नवऱ्याला म्हटलं, "तिला तिथे ब्रेड मागता येणार नाही." तो पेपर वाचत होता. म्हणाला, "बोटानं दाखवेल."

व्हिसा यायला काही महिने गेले. संसार तिकडेच मांडायचा म्हणून पाठवणीची वेणीही तिकडे निघतानाच द्यायची, असं ठरलं. आणि मग एका रविवारी मी माहेरी गेले, तर ओट्यावर सभा भरलेली. आबांच्या हातात तिकीट. आत्या, आई, धाकटी भोवती.

"ये, बी.ए., ये," आत्या म्हणाली. "तुझीच वाट बघून राहिलो. शिकागोला कोणती वेणी चालंल, सांग."

मला बरं वाटलं. खरंच सांगते, त्या घरात त्या काही महिन्यांत कुणी मला काही विचारलंच नव्हतं. सगळं धाकटीच्या बॅगा, धाकटीचे स्वेटर, धाकटीची लोणची. मी तिकीट हातात घेतलं. मुंबईहून रात्री दोनला सुटणार, जर्मनीत विमान बदलायचं, शिकागोला त्याच तारखेला दुपारी दीडला.

"रात्री दोन ते दुपारी दीड," आबा म्हणाले. त्यांनी आधीच बोटं मोजून ठेवली होती. "साडेअकरा तास. नागपूरच्या एसटीला याच्यापरीस जास्त लागतात."

"साडेअकरा नाही, आबा. बावीस."

आबांनी पुन्हा बोटं मोजायला घेतली.

मी समजावून सांगितलं. शाळेत सांगते तसंच. सूर्य आपल्याकडे आधी उगवतो, त्यांच्याकडे नंतर. एका रेखांशाला चार मिनिटं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. तिकिटावर निघायची वेळ मुंबईच्या घड्याळाची, पोचायची शिकागोच्या. दुपारी दीडला ती उतरेल तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र झालेली असेल. आबा ऐकत होते, पण त्यांचा चेहरा असा होता, जसा बाजारात समोरचा दलाल भाव पाडायला लागला की व्हायचा.

"म्हणजे तिकीट खोटं बोलतंय?" ते म्हणाले.

"तिकीट खोटं नाही. घड्याळं दोन आहेत."

"घड्याळं दोन असतील. विमान तर एकच हाय ना?"

"दोन विमानं आहेत," धाकटी हळूच म्हणाली. सगळे हसले. मी नाही.

पुढच्या रविवारी मी शाळेतला पृथ्वीगोल पिशवीत घालून घेऊन गेले. मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी काढून. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरलं, शिकागोवर दुसरं, आणि ताणलं. दोरा रशियावरून, पार उत्तरेकडच्या बर्फावरून गेला. खालच्या पट्टीवर मोजून दाखवलं, तेरा हजार किलोमीटरच्या आसपास. शिवाय जर्मनीचा वळसा, तिथला मुक्काम. "एसटी नाशिकहून नागपूरला सातशे किलोमीटरच्या आत जाते. हे तेरा हजार."

आत्यानं गोल फिरवून पाहिला. "वर कशाला जाईल विमान? सरळ नाय का जात?"

"हेच सरळ आहे, आत्या."

"आगं, वर तर बर्फ हाय म्हणतेस. पोरीला बर्फातून न्यायला निघालीस व्हय?" मग तिनं दोरा माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. "मला तर बाई कळतंय काय चाललंय ते. बहिणीचं सासर लांब गेलं म्हणून तुझ्या पोटात दुखतंय. तू ते आनखी लांब करून राहिली."

कुणी तिला अडवलं नाही. आबांनीसुद्धा नाही. आणि अर्धं खरं होतं. पोटात दुखत होतं. धाकटीच्या जागी मी विमानतळावर उभी आहे, खांद्याला पर्स, हातात पासपोर्ट, आणि समोरच्या माणसाशी नीट वाक्यात इंग्रजी बोलते आहे, असं चित्र मी वर्गात पोरांना नकाशे भरायला देऊन खुर्चीत बसल्या बसल्या पाहत असे. पण पोटात दुखतं म्हणून रेखांश बदलत नाहीत. बावीस तास ते बावीस तासच होते. मत्सरी माणसाचं गणित चुकतंच असं नाही, पण ते कुणी तपासत नाही, इतकंच.

मी म्हटलं, निशिगंध द्या. निशिगंध दोन दिवस काढेल. मोगरा पोचणार नाही. आबा म्हणाले, मोगराच. धाकटीला मोगरा आवडतो. दुपारी घट्ट कळ्या खुडायच्या, ओल्या फडक्यात, वरून केळीचं पान. एक रात्र आणि अर्धा दिवस, एवढंच तर काढायचं.

निघायच्या दिवशी सुमो आली. आबा, आई, धाकटी, सामान, आणि आत्या. एक जागा उरत होती, तिथे लोणच्याच्या बरण्यांचं खोकं ठेवलं. मी दारात साडी बदलून उभी. आत्या आत बसता बसता म्हणाली, "तू कशाला दगदग करतेस? तुला तर अंतर पाठच हाय."

धाकटीनं खिडकीतून माझा हात धरला. तिच्या मांडीवर केळीच्या पानाचं पुडकं होतं. मी तिला म्हणायला हवं होतं, जपून जा. मी म्हटलं, "जर्मनीत घड्याळ लावून घे."

आता दुसरा दिवस ऐका. तिला पोचवून सगळे पहाटे परत आले होते. आबांच्या हिशेबानं ती दुपारी दीडला पोचणार. दीडला ते आंघोळ करून, स्वच्छ टोपी घालून फोनपाशी बसले. घरात फोन येऊन वर्षही झालं नव्हतं, त्याच्यावर आईनं विणलेलं झाकण होतं, ते काढून ठेवलं. मी शाळेतून थेट तिथे गेले. दोन वाजले, तीन, चार. आबांनी दोनदा रिसीव्हर उचलून लाईन चालू आहे का बघितलं.

"अजून विमानात आहे ती," मी म्हटलं.

"शुभ बोल!" आत्या ओरडली.

"यात अशुभ काय? समुद्रावर असेल आत्ता."

आईच्या डोळ्यांना धार लागली. समुद्राचं नाव मी काढायला नको होतं. पण बाकी काय सांगणार? मी एकटी त्या घरात अशी होते जिला धाकटीची काळजी वाटत नव्हती, कारण ती कुठे आहे ते मला माहीत होतं. आणि मीच वाईट ठरत होते.

मी रात्री तिथेच राहिले. फोन उजाडताना आला. आबा झोपलेच नव्हते. त्यांनी ती बरी आहे का हे विचारलं नाही, पहिलं विचारलं, "वेणी?"

पलीकडून काय आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. पण आबांचा चेहरा बघून कळलं. ते वळून ओरडले, "ताजी! ताजी पोचली! देवापुढं ठिवली!" आणि मग आईला फोन, आत्याला फोन. माझ्यापर्यंत येईस्तोवर कट झाला.

"काल दुपारी दीडला पोचली तर फोन आज उजाडताना कसा?" मी विचारलं.

"लाईन लागली नसंल," आबा म्हणाले. मोगरा ताजा पोचला होता, म्हणजे साडेअकरा तास खरे होते. त्यांच्या दृष्टीनं प्रश्न मिटला होता.

तिथून पुढे आबांच्या मोगऱ्याला बाजारात नाव झालं. "आपला मोगरा अमेरिकेला ताजा पोचतो," हे ते दर गिऱ्हाइकाला सांगायचे. माझ्या बी.ए.ची जागा मोगऱ्यानं घेतली. भिंतीवर माझ्या फोटोशेजारी धाकटीचा फोटो आला, बर्फात उभी, लाल कोट. बर्फ पाहून आत्याला काहीच आठवलं नाही, मला आठवलं. कुठल्याही बारशाला, हळदीकुंकवाला आत्या मला हाक मारायची, "काय गं बी.ए., किती तास म्हणाली होतीस?" बायका हसायच्या. मीही हसायचे. काय करणार?

त्या वर्षांत धाकटी दोनदा आली. दोन्ही वेळा मी तिला विचारणार होते. पण ती यायची तेव्हा तिच्याभोवती एवढी माणसं असायची की तिला एकटीला गाठणं म्हणजे यात्रेत ओळखीचा माणूस शोधणं. आणि ती पोरांशी इंग्रजी बोलायची. चुकीचं, पण भराभर. मला ते ऐकवत नसे. मी भाजी निवडायला स्वयंपाकघरात जायचे.

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. तोवर सगळ्यांच्या हातात मोबाईल आले होते. धाकटीनं नवीन घर घेतलं आणि आबांना बोलावलं. आईचे गुडघे गेलेले, ती नाही म्हणाली. आबा निघाले. सत्तरी गाठलेला, आयुष्यात नागपूरच्या पुढे न गेलेला माणूस. मी तेव्हा पंधरा वर्षं पोरांना जगाचा नकाशा शिकवत होते आणि विमान फक्त ओझरच्या विमानतळावरून उडताना खालून पाहिलं होतं. पासपोर्टच्या फोटोत आबा नव्या टोपीत बसले होते. तो फोटो मी हातात घेतला आणि स्वतःच्या बापाचा मला हेवा वाटला. लपवून काय करू?

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी शाळेत माझा मोबाईल वाजला. धाकटी.

"ताई, आबा फुलं घेऊन निघालेत. नव्या घराच्या देवासाठी मोगरा. त्यांना थांबव."

"का? ताजा पोचतो की तुमच्याकडे."

तिनं आवाज खाली आणला. मग म्हणाली, "नाही पोचला, ताई. विमानतळावरच काढून घेतला. बाहेरची फुलंपानं चालत नाहीत इथे. त्या माणसानं हातमोजे घालून पुडकं उघडलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मी इतकी रडले, त्याला वाटलं माझं काहीतरी मेलंय. आता आबांचं पण टाकतील. त्यांना इंग्रजी येत नाही, भांडतील ते त्या माणसाशी."

शाळेच्या व्हरांड्यात मी उभी होते. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते असं, मधल्या सुट्टीच्या गोंगाटात आलं. मी विचारलं, "उघडलं तेव्हा कोमेजला होता का?"

"काय?"

"मोगरा. कोमेजला होता की ताजा होता?"

"ताई, मी तेव्हा फुलं बघत होते का?"

"आठव ना जरा."

"वास आला. एवढंच आठवतंय." मग ती म्हणाली, "बावीस तास बरोबर होते तुझे. तेवीस लागले, खरं म्हणजे. पण फोनवर आबांनी पहिलं वेणीचंच विचारलं. काय सांगणार होते मी त्यांना? तू सांग आता. माझ्याच्यानं होणार नाही."

म्हणजे खोटं तिनं गोड तोंडानं सांगायचं आणि खरं सांगायचं काम मात्र माझं. तरीही मी अर्धी रजा टाकली आणि रिक्षा केली.

आबा मोगऱ्याच्या ताटव्यात वाकलेले होते. आज फक्त चाचणीचं खुडणं होतं. उद्या वेणी केवढी धरायची ते पाहायला आई ओट्यावर एक वेणी गुंफून बसली होती. मी आबांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"आली का? बरं झालं. साडेअकराच ना गं?"

"बावीस, आबा. आणि फुलं नेऊ नका. तिथे काढून घेतात."

ते हसले. खुडणं थांबलं नाही. "अजून तुझं तेच का? बारा वर्षं होत आली, पोरी. तिची नाय काढली ती."

मी थांबले. वारा नव्हता, मळ्यात मोगऱ्याचा वास नुसता साचून राहिलेला. मी गप्प राहिले असते तर ते फुलं घेऊन गेले असते, आणि कुण्या परक्या माणसानं त्यांच्यासमोर ती डब्यात टाकली असती. आणि हेही खरं की गप्प राहायची माझी इच्छाच नव्हती.

"तिचीही काढली होती," मी म्हटलं. "कचऱ्यात टाकली. ती तुम्हाला खोटं बोलली. आज तिनंच फोन करून सांगितलं मला."

आबांचे हात तेवढे चालत राहिले. ओंजळ भरली तशी त्यांनी ती धोतराच्या ओच्यात टाकली. मग पुन्हा खुडू लागले. खुडता खुडता म्हणाले, "मला वाईट वाटू नये म्हणून बोलली आसंल."

"हो."

"आन् तू खरंच सांगत होतीस. तव्हाबी."

"हो, आबा."

"लय लांब हाय मग," ते म्हणाले. म्हणाले आणि उभे राहिले, कमरेवर हात ठेवून मखमलाबादच्या रस्त्याकडे पाहत. मला वाटलं होतं, या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटेल. आत्याला हाक मारून बोलवावं, असंही वाटून गेलं, खोटं कशाला सांगू. पण आबा एकदम म्हातारे दिसायला लागले होते. बारा वर्षं त्यांची मुलगी साडेअकरा तासांवर राहत होती. मी एका वाक्यात तिला दुप्पट लांब नेऊन ठेवलं.

ते ओट्याकडे चालत गेले. आईच्या मांडीवरची वेणी उचलली, भरगच्च, घट्ट कळ्यांची, हातभर लांब. माझ्यापुढे धरली.

"तू घे ही. तुझ्याकडं पोचंल."

मी घेतली. ही वेणी माझ्या लग्नात मिळाली असती तर, असं मनात आलंच. रिक्षात मी ती मांडीवर ठेवली नाही, केसांत माळली. चाळिशीकडे झुकलेली बाई, भर दुपारी, केसांत हातभर मोगरा. रिक्षावाला आरशातून बघत होता. घरी आले, देवापुढे ठेवायला काढली, आणि ठेवली नाही. पुन्हा माळली. ही काही माझी पाठवणी नव्हती. आणि खुडली होती ती धाकटीसाठीच, हे मला रिक्षाभर ठाऊक होतं.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. तिकडे तेव्हा सकाळ होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"रागावले?"

"नाही. म्हणाले, लय लांब हाय."

 मग तिनं विचारलं, "आणि फुलं? खुडली होती ना?"

"मी माळली आहेत."

"आत्ता? तुझ्या केसांत आहेत?"

"हो."

पलीकडे कुठेतरी भांडं आपटल्याचा आवाज झाला. इकडे कळ्या उमलायला लागल्या होत्या, खोली सगळी भरली होती. "ताई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला होता. हा आवाज मी ओळखत होते. इतकी वर्षं तो माझा होता. "इथे मोगरा मिळत नाही गं. कुंडीत लावला तर थंडीत मरतो. कशा आहेत? सुकल्या का?"

"नाही," मी म्हटलं. "ताज्या आहेत. आत्ता कुठे उमलतायत." आणि हे मी तिला अगदी सावकाश सांगितलं.